पिवळसर पाण्याचा हिशेब

डीडीटी पाण्यात विरघळत नाही, असं आम्ही बी.एस्सी.च्या पेपरात लिहायचो आणि पूर्ण गुण मिळायचे. पुढे पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले तेव्हा कळलं, की या वाक्यावर तिथे कुणाचंच काम भागत नाही. लिटरभर शुद्ध पाण्यात डीडीटी विरघळतं, साधारण पाच मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले पाच. मीठ-साखरेच्या जगात याला कुणी विरघळणं म्हणणार नाही. पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, डीडीटीची मर्यादाच लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे. आल्ड्रिन-डायेल्ड्रिनची तर 0.03. न विरघळणाऱ्या पदार्थांच्या या एवढ्याशा विरघळलेल्या अंशावर आमची सगळी नोकरी चालते.

असे पदार्थ पाण्यात नाइलाजाने राहतात. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. भार नसलेला, तेलकट स्वभावाचा मोठा रेणू त्यांच्यात आला की ते त्याला सामावून घेत नाहीत, बाजूला सारतात. मग तो मिळेल त्या आडोशाला जातो. बाटलीच्या काचेला चिकटतो, प्लास्टिकमध्ये मुरतो, माशाच्या चरबीत शिरतो, गाळावर बसतो. म्हणून आमच्याकडे नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणासह, काठोकाठ भरून यावा लागतो. दारात नमुने घेणारे आमचे मामा याबाबत कुणाचं ऐकत नाहीत. कुणी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नदीचं पाणी घेऊन आलं की ते रजिस्टर मिटतात. “साहेब, ह्यातलं औषध बाटलीनंच पिऊन टाकलं असंल.” आमच्या भाषेत हे वाक्य लिहायला निम्मं पान लागेल, पण म्हणणं तेच.

पाण्यात आणखी एक आडोसा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून बराच काळ कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. पाला, मुळं, शेवाळ, मेलेले जीव कुजतात. कुजून कुजून जे उरतं त्यातला काही भाग पाण्यात विरघळून राहतो. ना त्याचं एक सूत्र, ना एक आकार. हजारो तऱ्हेचे रेणू एकत्र. त्यातल्या तपकिरी, आम्लधर्मी भागाला ह्युमिक आणि फल्विक आम्लं म्हणतात. बहुतेक नद्यांत या सेंद्रिय कार्बनचं प्रमाण लिटरमागे काही मिलिग्रॅम असतं. दलदलीतून येणाऱ्या नद्यांत ते कित्येक दहा मिलिग्रॅमपर्यंत जातं. अमेरिकेत जॉर्जियातल्या ओकफेनोकी दलदलीतून निघणारी सुवानी नदी कोऱ्या चहाच्या रंगाची आहे, आणि जगभरचे संशोधक तिच्याच पाण्यातून काढलेलं ह्युमिक प्रमाण नमुना म्हणून वापरतात. आमच्याकडे त्याची एक कुपी आली होती. चिमूटभर हलकी, तपकिरी भुकटी. किंमत ऐकल्यावर मामांनी ती रसायनांच्या फडताळात न ठेवता कार्यालयातल्या कपाटात कुलपाआड ठेवली.

इथे एक घोळ आधीच निस्तरायला हवा. आपल्याकडे पावसाळ्यात नदी तपकिरी झाली की लोक म्हणतात, पाणी मातीनं भरलं. देशावरच्या नद्यांपुरतं ते खरंच असतं. कृष्णा-भीमेचा जुलैतला रंग मुख्यतः काळ्या मातीचा. पाणी गाळलं की तो कागदावर राहतो आणि खाली जवळजवळ स्वच्छ पाणी येतं. जंगलातल्या ओढ्याचं तसं नाही. आंबोलीला पहिल्या जोरदार पावसानंतर भरलेली बाटली बाकावर ठेवली, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळली, तरी खालच्या फ्लास्कमध्ये फिकट पिवळी झाक उरतेच. फिल्टरवर चार कण, आणि रंग सगळा पाण्यात. मला या दोन पाण्यांत पुढचं सगळं दिसतं, पण ते दिसायला लागण्याआधी आम्ही पुष्कळ कार्ट्रिज वाया घालवली.

त्याआधी पाण्यातून कीटकनाशक काढायची आमची पद्धत जुनी होती. दोन लिटरच्या सेपरेटिंग फनेलमध्ये पाणी आणि हेक्झेन घालायचं, तोंड दाबून धरून हलवायचं, मधूनमधून तोटी उघडून वाफ सोडायची. खांदे भरून यायचे आणि हेक्झेनचा वास घरापर्यंत यायचा. मग कार्ट्रिज आली: बोटाएवढी प्लास्टिकची नळी, आत सिलिकाचे कण, त्यांच्यावर अठरा कार्बनच्या साखळ्या बसवलेल्या. वरून पाणी ओतायचं, खालून पंपाने ओढायचं. तेलकट रेणू साखळ्यांत अडकतात, पाणी निघून जातं, मग चमचाभर द्रावकाने सगळं धुऊन घ्यायचं. सगळे खूश.

पद्धत बदलली की रिकव्हरी पाहावी लागते. पाण्यात माहीत असलेलं डीडीटी आपणच मिसळायचं आणि शेवटी किती हाती लागतं ते मोजायचं. सत्तर ते एकशेवीस टक्क्यांत आलं की चालतं. ऊर्ध्वपातित पाण्यात आलं. नळाच्या पाण्यात आलं. आंबोलीच्या जूनच्या पाण्यात निम्मं गायब. पंप जोरात चालतोय म्हणून हळू केला. कार्ट्रिजचा लॉट खराब असेल म्हणून दुसरा उघडला. तेच. त्याच बाटलीतलं पाणी जुन्या फनेलमध्ये घातलं तर डीडीटी जवळजवळ पूर्ण परत. म्हणजे ते पाण्यातच होतं. कार्ट्रिजच्या हाती लागत नव्हतं, एवढंच.

आमच्या प्रमुखांनी मग एक साधी गोष्ट सुचवली. कार्ट्रिजमधून निघून गेलेलं पाणी आपण ओतून देतो, ते देऊ नका. त्या पाण्याकडे नीट पाहिलं तर ते अजून पिवळसर होतं. ते फनेलमध्ये घातलं, हेक्झेन घातलं, हलवलं. हेक्झेन वर यायला हवं आणि पाणी खाली. आलं, पण मधोमध बोटभर जाडीचा, फेसाळ, मळकट थर तयार झाला आणि तो काही केल्या फुटेना. ह्युमिक असलेल्या पाण्याचा हा नेहमीचा त्रास. मीठ घातलं, फनेल आडवं करून हळूहळू फिरवलं, चहा पिऊन आलो. थर निम्मा बसला. उरलेला काचेच्या लोकरीतून, सोडियम सल्फेटवरून गाळला. ते हेक्झेन गॅस क्रोमॅटोग्राफला दिलं आणि डीडीटीचं शिखर आपल्या ठरल्या वेळेला वर आलं. हरवलेलं डीडीटी त्या पिवळेपणाबरोबर कार्ट्रिज ओलांडून गेलं होतं.

त्यामागचं कारण सांगायला सोपं आहे. ह्युमिकच्या रेणूला एकीकडे आम्लाचे गट असतात, ते पाण्याला धरून राहतात. दुसरीकडे बेंझिनसारख्या कड्यांचे आणि कार्बनच्या साखळ्यांचे कोरडे कोपरे असतात. डीडीटी त्या कोपऱ्यात जाऊन बसतं. ह्युमिक स्वतः पाण्यात मजेत असल्याने कार्ट्रिजच्या साखळ्यांकडे ढुंकूनही न पाहता निघून जातं, आणि आतला प्रवासी त्याच्याबरोबर. रिठ्याच्या पाण्यात तेलकटपणा धरला जातो तसंच हे, असं मी विद्यार्थ्यांना सांगते. मात्र एक फरकही लगेच सांगते. रिठ्याला किंवा साबणाला तेलकटपणा धरायला एका ठरावीक मात्रेच्या वर जावं लागतं, त्याखाली त्यांचे रेणू सुटे राहतात. ह्युमिकला अशी किमान मात्रा लागत नाही. थोडं असलं तर थोडं धरतं, दुप्पट असलं तर दुप्पट. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्यातल्या चिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली हे दाखवलं: ह्युमिक वाढत जाईल तशी डीडीटीची विद्राव्यता सरळ रेषेत वाढत जाते. लिंडेनसारख्या, मुळातच पाण्याशी जरा बरं जमणाऱ्या पदार्थाला मात्र त्याचा फारसा फरक पडत नाही.

आमची अडचण जगात नवी नव्हती, हेही वाचताना कळलं. कार्टर आणि सफेट यांनी 1982 मध्येच पडद्याच्या पिशव्या वापरून डीडीटी ह्युमिकला किती बांधलं जातं ते मोजलं होतं, आणि ते ह्युमिकच्या मुळाप्रमाणे, पाण्याच्या आम्लतेप्रमाणे, कॅल्शियमप्रमाणे बदलतं असं नोंदवलं होतं. आणि 1984 मध्ये अ‍ॅन आर्बरच्या ग्रेट लेक्स प्रयोगशाळेतल्या लँड्रम आणि सहकाऱ्यांनी तर कार्ट्रिजच्या याच दोषाची पद्धत केली: जे कार्ट्रिजवर अडकलं ते सुटं, जे पार गेलं ते बांधलेलं. आम्ही ज्याच्यापायी कंपनीच्या प्रतिनिधीशी हुज्जत घालत होतो, त्यावर त्यांचा शोधनिबंध उभा होता.

हिशेब एवढा लहान आहे की पाकिटाच्या मागे होतो. समजा एखाद्या पदार्थाचा बंधन-गुणांक, म्हणजे किलोभर सेंद्रिय कार्बन किती लिटर पाण्याइतका माल धरून ठेवतो तो आकडा, एक लाख आहे. डीडीटीसारख्यांच्या बाबतीत तो याच घरात असतो. पाण्यात कार्बन लिटरमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे किलोचा एक लाखावा भाग. गुणाकार आला एक. म्हणजे जेवढं सुटं तेवढंच बांधलेलं, निम्मे-निम्मे. आता नॅप्थालीन, आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, घ्या. त्याचा गुणांक हजाराच्या आसपास. गुणाकार शंभरावा भाग; बांधलेलं एक टक्का. नॅप्थालीनच्या विश्लेषकाला ह्युमिकची आयुष्यभर गाठ पडणार नाही आणि डीडीटीच्या विश्लेषकाला दर पावसाळ्यात पडेल.

एम.एस्सी.ची मुलं प्रकल्पासाठी येतात त्यांना मी पायरिनचा प्रयोग देते, कारण त्यात बांधलं जाणं समोर दिसतं. पायरिन म्हणजे धुरातला पदार्थ. डिझेल, लाकूड, काहीही अर्धवट जळलं की तयार होतो. अतिनील प्रकाशात तो निळसर चमकतो. क्वार्ट्झच्या चौकोनी नळीत पायरिनचं अगदी पातळ द्रावण, 335 नॅनोमीटरचा प्रकाश, आणि 373 च्या आसपास चमक मोजायची. मग ह्युमिकचे थेंब. प्रत्येक थेंबाला आकडा खाली येतो, कारण ह्युमिकच्या कुशीत गेलेला पायरिन चमकत नाही. मुलं आलेख काढतात, रेषा सरळ येते, आनंद होतो. तिथे मी थांबवते. ह्युमिक स्वतःच प्रकाश पिणारा आहे. पायरिनपर्यंत प्रकाश कमी पोचला म्हणूनही चमक कमी होते. ती वजाबाकी केल्याशिवाय चढाला बंधन-गुणांक म्हणायचं नाही. शिवाय पायरिन नळीच्या भिंतीलाही चिकटतो, म्हणून ह्युमिक न घालता नुसत्या पायरिनची नळी तेवढाच वेळ ठेवून पाहायची. ज्याला हा शेवटचा भाग कंटाळवाणा वाटतो त्याने या कामात येऊ नये, असं माझं मत आहे.

माझा भाऊ तासगावला द्राक्षबाग करतो. मी ह्युमिकवर काम करते म्हटल्यावर तो हसला. “ताई, ते तर मी ड्रिपमधून सोडतो.” कृषी सेवा केंद्रात ह्युमिक अॅसिड म्हणून काळी चकचकीत पापुद्र्यांची पिशवी किंवा काळं द्रव मिळतं, द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या घरी ते असतंच. त्याने पुडीत बांधून दिलेले पापुद्रे मी पायरिनला दिले. चमक धाडकन खाली आली. आंबोलीच्या पाण्याने तेवढ्याच कार्बनला जेवढी आणली होती त्याच्या कितीतरी जास्त. त्यातही नवल नाही. बाजारातलं ह्युमिक बहुधा लिग्नाइटच्या जातीच्या खनिजातून, क्षाराने काढलेलं असतं. त्यात बेंझिनच्या कड्या जास्त, म्हणून पकड जास्त. ऐंशीच्या दशकात पुष्कळ संशोधकांनी सोय म्हणून रसायन कंपनीच्या बाटलीतलं असंच ह्युमिक वापरलं आणि त्यावरून नद्यांबद्दल निष्कर्ष काढले. नदीतल्या ह्युमिकपेक्षा ही बाटली कित्येक पटींनी जास्त धरते हे 1987 मध्ये स्पष्ट झालं, तरी ते जुने आकडे अजून तक्त्यांत फिरतात. भावाचा प्रश्न वेगळाच होता: फवारलेलं औषध हे धरून ठेवील का? ते औषधावर अवलंबून, असं मी म्हटलं, आणि त्याला ते उत्तर मुळीच आवडलं नाही.

नुसता कार्बन मोजूनही भागत नाही. पुण्याखाली मुळा-मुठेचं पाणी घेतलं तर सेंद्रिय कार्बन भरपूर निघतो, पण तो सांडपाण्याचा: साखरा, प्रथिनं, साबण. जंगलातला कार्बन लाकडाचा आणि पाल्याचा. फरक पाहायला एक स्वस्त युक्ती आहे. 254 नॅनोमीटरला पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजायचं आणि कार्बनने भागायचं. उत्तर चारच्या वर गेलं तर कड्यांचा, कोरड्या कोपऱ्यांचा माल जास्त. दोनच्या खाली असेल तर तो पदार्थ डीडीटीला फार काही आसरा देणार नाही.

आता ज्यावरून बैठकांत आवाज चढतात तो भाग. बांधलेला रेणू माशाच्या कल्ल्यातून आत जात नाही, जातो तो सुटा. पाणपिसवांवरच्या प्रयोगांत ह्युमिक घातल्यावर काही प्रदूषकं अंगात कमी साठतात हे दिसलेलं आहे. ते धरून एका कारखान्याचे सल्लागार आमच्याकडे म्हणाले, “मग तुम्ही सुटं तेवढंच लिहा ना.” बाजूला बसलेल्या कार्यकर्त्यांना ‘सुटं’ हा शब्दच पळवाट वाटला. मला दोघांचंही अर्धं पटतं. माशाचा प्रश्न असेल तर सुटा आकडाच खरा, आणि तो मोजण्याची रीतही आहे: पॉलिथिनची पातळ पट्टी आठवडेच्या आठवडे पाण्यात टांगायची, ती फक्त सुटं तेवढं शोषून घेते. ज्या प्लास्टिकला मामा दारातून परत पाठवतात तेच इथे उपकरण. पण माणूस पाणी पितो तेव्हा पोटातलं पित्त आणि चरबी ह्युमिकच्या तावडीतून बरंच सोडवून घेऊ शकतात. तिथे एकूण आकडाच लावला पाहिजे. आणि बांधलेलं म्हणजे संपलेलं नव्हे. जे गाळावर बसून तिथेच राहिलं असतं ते ह्युमिकच्या आधाराने खाली वाहत जातं. कोकणातल्या आखूड नद्या तर काही तासांत खाडीला भेटतात. खाऱ्या पाण्यात ह्युमिकचा काही भाग गोळा होऊन खाली बसतो, आणि बरोबर जे असेल तेही बसतं. तिथे चिखलात राहणारे आणि चिखल गाळून खाणारे जीव असतात, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात आपली माणसं तेच गोळा करतात.

आमच्या अहवालात आता कीटकनाशकांच्या रकान्याशेजारी सेंद्रिय कार्बन आणि तो 254 चा भागाकार छापतो. नमुना गाळून घेतला का, बाटली द्रावकाने विसळून ते त्यात मिळवलं का, हेही लिहितो. या दोन ओळींनी आकडा निम्म्याने बदलू शकतो. सरकारी तक्त्यात त्यांना जागा नाही, म्हणून त्या शेऱ्यात जातात, आणि शेरा कुणी वाचत नाही.

वाचला एका पाणीपुरवठा योजनेच्या अभियंत्यांनी. घाटमाथ्यावरच्या धरणातून त्यांचं पाणी येतं. “मग मी काय करू ते सांगा,” असं थेट विचारत ते आले. करण्यासारखं आहे. तुरटी ज्या ह्युमिकला आधी पकडते ते नेमकं कड्यांचं, कोरड्या कोपऱ्यांचं, म्हणजे प्रदूषकं धरून बसलेलंच. मात्र गढूळपणा घालवायला पुरते त्याहून तुरटी जास्त लागते आणि आम्लता थोडी वाढवावी लागते, सामू सहाच्या आसपास. आम्ही सहा चंचुपात्रांची जार टेस्ट लावली. पंखे फिरले, थांबले, आणि एका पात्रात फिकट पिवळे पुंजके सावकाश खाली उतरले आणि वरचं पाणी बिनरंगाचं झालं. क्लोरिन घालायच्या आधी हे झालं तर दुहेरी फायदा, कारण क्लोरिन आणि ह्युमिक एकत्र आले की क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार होतात. रॉटरडॅममध्ये रूक यांनी 1974 साली ते दाखवल्यापासून पाण्याच्या खात्यांना ही काळजी आहे.

अभियंते त्या तळाशी बसलेल्या पुंजक्यांकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “हे आम्ही बॅकवॉशच्या पाण्याबरोबर धरणाखालच्या ओढ्यात सोडतो.” त्या ओढ्यावर खाली आणखी दोन गावांच्या विहिरी आहेत. पुढच्या पावसाळ्यात, योजनेत हे पुंजके ज्या टाकीत बसतात त्या टाकीच्या तळाचे नमुने घ्यायचं ठरलंय. नेहमीच्या बाटल्या चालणार नाहीत, रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या लागतील. आणि गाळातून डीडीटी काढायचं म्हणजे सॉक्सलेट, द्रावक उकळून गाळावरून फिरवत ठेवणारं उपकरण, रात्रभर चालणार, तेव्हा कंडेन्सरचं पाणी गेलं तर हीटर बंद करायला कुणालातरी थांबावं लागेल.